घासून न जाणारा काळेपणा

कोथरूडच्या आमच्या शेजारच्या काकू रोज दुपारी बोटांच्या सांध्यांवर लिंबाची साल घासत बसायच्या. बाकीचा हात नेहमीच्या रंगाचा, सांधे तेवढे शाई सांडल्यासारखे काळे. डाळीचं पीठ झालं, साय झाली, महागडं क्रीमही झालं. मग जिभेची आग व्हायला लागली, पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा कुठे रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलं होतं.

बी-१२ कमी पडलं की काहींच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढतं, आणि ते बोटांचे सांधे, तळहात, तळपाय इथे आधी दिसतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६३ सालीच ही खूण नोंदवली होती. सांधे काळे होण्याला इतरही कारणं असतात, हे खरं. पण सोबत थकवा, मुंग्या, लालबुंद गुळगुळीत जीभ असेल, तर लिंबू बाजूला ठेवून आधी रक्ताची तपासणी करावी.

आपल्या पुण्यात तर हे फारच मनावर घ्यायला हवं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! खाऊनपिऊन सुखी घरांमध्ये ही गत, कारण प्रश्न पोट भरण्याचा नाहीच. बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. पालक, मेथी, मटकी, बदाम, यांतल्या कशातूनही ते मिळत नाही. मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. शाकाहारी माणसाची सगळी भिस्त दूध-दह्यावर. मोठ्यांना दिवसाला साधारण २ मायक्रोग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधातून जेमतेम १ मिळतं. चहात पडणाऱ्या चमचा-दोन चमचे दुधाने काय होणार? त्यात वय झालं की पोटातून ते नीट शोषलं जात नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही शोषण घटतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून खूप उशिरापर्यंत काही कळतच नाही.

'त्वचा उजळते' म्हणून परस्पर गोळ्या-इंजेक्शनं घेणं मला मुळीच पटत नाही. कमतरता नसेल तर त्वचेला फायदा नाही, उलट काहींना जादा बी-१२ने मुरुमं येतात. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड (हेही बी गटातलंच एक जीवनसत्त्व) घेणं त्याहून घातक. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आत नसांची झीज मात्र चालूच राहते.

काकूंना डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. तीन-चार महिन्यांत सांध्यांचा रंग उतरला. पायाच्या मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. नसा सावरायला त्वचेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.