घड्यातली काळी वाळू

टोकदार बुडाच्या रांजणाचा एखादा तुकडा उत्खननात मिळाला, की मथळा ठरलेला असतो: 'रोमन दारूचा घडा सापडला'. संध्याकाळपर्यंत ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आणि रात्रीपर्यंत त्या गावात रोमन लोकांची वसाहतही वसलेली असते.

रोमन दारू आपल्याकडे येत होती, यात वाद नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भडोच बंदरात खपणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात दारू आहे आणि पहिली पसंती इटलीच्या दारूला आहे. भडोचहून 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तेर, हेही तो लेखक सांगतो. ही दारू यायची अँफोरांमधून, म्हणजे दोन कानांच्या, उंच मानेच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या घड्यांमधून. प्रश्न एवढाच, की हाताच्या पंजाएवढं खापर अँफोराचंच आहे हे ओळखायचं कसं? त्याला ना कान असतात ना मान.

याचं उत्तर मातीत मिसळलेल्या वाळूत असतं. आपला कुंभार मातीत राख, लीद मिसळतो, कारण नुसती चिकणमाती वाळताना आणि भाजताना तडकते. इटलीत नेपल्सच्या उपसागराकाठचे कुंभार त्यासाठी हाताशी असलेली वाळू घेत. ती व्हेसुव्हियससारख्या ज्वालामुखींच्या खडकांची, काळी. त्या भागातल्या अँफोराचं खापर मोडलं तर विटकरी मातीत काळी मिरी भरडून टाकल्यासारखे कण दिसतात.

इथे एक गोची आहे. सह्याद्रीही ज्वालामुखीचाच! त्या काळ्या कणांमधलं मुख्य खनिज ऑजाइट, आणि ते आपल्या बेसाल्टमध्येही भरपूर असतं. म्हणजे नुसते काळे कण पाहून 'इटली' म्हणायचं, तर नदीकाठच्या वाळूची आपली गावठी मडकीही इटलीची ठरतील.

म्हणून खापराचा काप काढतात. हा प्रकार मला फार आवडतो. खापराचा तुकडा काचेच्या पट्टीवर चिकटवून तो फक्त 0.03 मिलिमीटर जाडीचा उरेपर्यंत घासायचा. आता त्यातून प्रकाश आरपार जातो. पट्टीच्या वर आणि खाली एकेक ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी चकती, ठेवायचा, पण एकमेकांशी काटकोनात. मध्ये काही नसेल तर अंधार. मध्ये स्फटिक आला की खेळ सुरू होतो: प्रकाशाचे दोन किरण होतात आणि ते स्फटिकातून वेगवेगळ्या वेगाने जातात. बाहेर पडेपर्यंत एक किरण मागे पडलेला असतो, आणि तो किती मागे पडला त्यावर कणाचा रंग ठरतो. किती मागे, ते कापाची जाडी गुणिले त्या खनिजाचा ठरावीक आकडा. क्वार्ट्‌झचा आकडा 0.009, म्हणून 30,000 नॅनोमीटर जाडीत किरण 270 नॅनोमीटर मागे राहतो आणि कण करडा-पांढरा दिसतो. ऑजाइटचा साधारण 0.025, म्हणजे 750 नॅनोमीटर, आणि रंग थेट निळा-हिरवा. ल्यूसाइट नावाच्या खनिजाचा आकडा 0.001 च्या आसपास, त्यामुळे तो जवळजवळ काळाच राहतो, फार तर अंगावर फिकट करड्या पट्ट्या. काप नीट घासला गेला की नाही, हेही क्वार्ट्‌झच सांगतो: तो पिवळा दिसू लागला तर अजून घासा.

गुणाकार सोडून दिला तरी चालेल, ल्यूसाइट मात्र लक्षात ठेवा. व्हेसुव्हियसचा लाव्हा पोटॅशियमने भरलेला असतो, त्यात ल्यूसाइट आणि सॅनिडिन ही खनिजं बनतात. आपल्या दख्खनी बेसाल्टमध्ये ऑजाइटच्या जोडीला प्लॅजिओक्लेज हे खनिज असतं. ऑजाइटशेजारी कोण बसलंय, त्यावरून गाव कळतं.

रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने भारतातली 'अँफोरा' म्हणून नोंदलेली खापरं पुन्हा तपासली. काही खरोखर इटलीची होती. पण बरीचशी निघाली मेसोपोटेमियाकडची: कान नसलेले, लांबट 'टॉर्पेडो' रांजण, आतून डांबराचा लेप दिलेले. अँफोरांना आतून सहसा झाडाची राळ लावत. डांबर हा इराक-इराणचा माल. शिवाय हे रांजण मुख्यतः इराणच्या ससानी राजवटीच्या काळातले, म्हणजे रोमन दारूचा भर ओसरल्यानंतरच्या शतकांतले. नुसती लेबलं बदलून हे भागत नाही, कारण रोमचा व्यापार आटल्यावर आपली बंदरं ओस पडली असं जे चित्र होतं, तेच बदलतं. किनाऱ्यावर माल येतच होता, फक्त इराणच्या आखातातून.

उलटी गोष्ट रूलेटेड थाळ्यांची. 1945 मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केलं. तिथे इटलीची लाल चकचकीत अरेटाइन भांडी मिळाली, आणि सोबत आत बारीक टिंबांची वर्तुळं असलेल्या या काळ्या-करड्या रूलेटेड थाळ्याही. त्या नक्षीचं मूळ व्हीलरना भूमध्य समुद्राकडचं वाटलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी त्या मातीतली खनिजं तपासली. 1997 मध्ये त्यांनी उत्तर छापलं: माती पश्चिम बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली.