उडत्या थाळीवर नेम: मण्याकडे बघू नका

स्कीट म्हणजे उडत्या थाळ्या शॉटगनने फोडायचा खेळ. त्याच्या मैदानात मधल्या स्टेशनवर, म्हणजे उभं राहायच्या ठरलेल्या जागेवर थांबलं, की क्ले म्हणजे ती 11 सेंटिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची थाळी सुमारे 20 मीटरवरून आडवी जाते. तिथे तिचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असतो. शॉटगनचे छर्रे तेवढं अंतर सेकंदाच्या साधारण अठराव्या हिश्शात कापतात, पण तेवढ्यात थाळी मीटरभर पुढे सरकलेली असते. छऱ्यांचा झुबका तिथवर पाऊण मीटरच्या आसपास पसरतो. म्हणजे नेम थेट थाळीवर धरला तर सगळे छर्रे तिच्या मागून जाणार. म्हणून बार तिच्या पुढे काढायचा. या पुढच्या अंतराला नेमबाज 'लीड' म्हणतात.

ते अंतर मोजायला जातो आणि नवखा तिथेच फसतो. थाळीवरची नजर काढून तो बॅरलच्या टोकावरचा, नेमासाठी बसवलेला छोटा मणी बघतो. आपल्याला बारीक दिसतं ते फक्त नजरेच्या मध्यावर, जेमतेम दोन अंशांत. पाम बीच रोडच्या फुटपाथवर उभं राहून धावत्या गाडीची नंबरप्लेट वाचून बघा. डोळा गाडीबरोबर सरकला तरच आकडे लागतात, एका जागी खिळला की नुसता पट्टा दिसतो. नजर मण्यावर आली की थाळीचं तसंच होतं. तिचा वेग कळेनासा होतो, हात थबकतात, बॅरल थांबतं आणि लीड जातं. नजर थाळीच्या पुढच्या कडेवर हवी आणि चाप ओढल्यानंतरही स्विंग, म्हणजे थाळीबरोबर बंदूक फिरवणं, चालू राहायला हवा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल शॉटगन नेमबाजांच्या नजरेची नोंद घेतली होती. त्यांची नजर लवकर थाळीवर बसत होती आणि तिथे जास्त वेळ टिकत होती. त्यांची बंदूकही कमी हलत होती.

शॉटगनला रायफलसारखी मागची साइट, म्हणजे डोळ्याजवळची नेम धरायची खूण, नसते, ते काम डोळाच करतो. त्यामुळे आपला प्रभावी डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो, कोणता, हे आधी तपासलंच पाहिजे. वर्तकनगरच्या गच्चीवरूनही हे जमेल. दोन्ही हात सरळ पुढे धरा, तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून येऊरच्या डोंगरावरचं एखादं झाड त्या फटीत पकडा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला झाड दिसत राहील, तो प्रभावी.

बंदूक उजव्या खांद्याला आणि प्रभावी डोळा डावा असेल तर काय होतं? दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर, डोळ्यापासून मणी साधारण मीटरभर लांब. मणी आणि थाळी डाव्या डोळ्याच्या रेषेत येतात, पण बॅरल उजव्या डोळ्याखाली असतं. 20 मीटरवर हा फरक मीटरहून जास्त होतो आणि बार डावीकडे जातो. मग लीडचा कितीही सराव करा, उपयोग नाही. एक डोळा मिटून घेणं मला पटत नाही, कारण वेग आणि अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनीच नीट येतो. अजून हात बसलेला नसेल तर सरळ डाव्या खांद्यावर शिकावं. जुनी सवय असेल तर नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट टेपचा छोटा तुकडा, बरोबर मण्याच्या रेषेत लावावा. तेवढ्याने मण्यापुरता डावा डोळा बाजूला होतो आणि थाळी दोन्ही डोळ्यांना दिसत राहते.