लांदराद (डच सिलोनमधील ग्रामीण न्यायसभा)

डच ईस्ट इंडिया कंपनीने श्रीलंकेच्या किनारपट्टीवर गावकऱ्यांच्या दिवाणी तंट्यांसाठी चालवलेली कचेरी म्हणजे लांदराद. कंपनीने १६४० मध्ये गाल, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून घेतले. १७९६ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. लांदरादांचा खरा जम बसला तो अठराव्या शतकाच्या मध्यापासून. गंभीर गुन्हे आणि युरोपीयांचे खटले किल्ल्यातील वरिष्ठ न्यायालयात चालत. जमीन, वारसा आणि देणेघेणे यांवरची गावातली भांडणे लांदरादकडे येत. तिच्या निकालावर अपील वरिष्ठ न्यायालयात होई आणि त्यापुढे बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जाता येई.

सभेत कंपनीचे अधिकारी आणि स्थानिक मुदलियार शेजारी बसत. अध्यक्ष सहसा प्रांताचा डच अधिकारी, म्हणजे दिसावा असे. मुदलियार हे साधारण आपल्याकडच्या देशमुखांसारखे. रूढी कोणती, कोणाचे घराणे कुठले, हे त्यांनाच ठाऊक, म्हणून त्यांच्यावाचून सभेचे पान हलत नसे. पण त्याच मुदलियारांचे नातलग आणि जमिनी त्याच गावांत असत, हे विसरून चालणार नाही. आपल्या गोतसभेतही, म्हणजे गावच्या न्यायसभेतही, ही अडचण होतीच. मात्र तिचा महजर, म्हणजे निवाडापत्र, गावाच्या भाषेत लिहिला जाई. इथे जबानी सिंहलीत किंवा तमिळमध्ये, नोंद डचमध्ये आणि मधे दुभाषा.

काम अर्जाने सुरू होई. प्रतिवादीला बोलावणे जाई, दोन्ही पक्ष आणि साक्षीदार ऐकले जात, ताडपत्रावरचे खरेदीखत किंवा गहाणखत पुढे केले जाई. सीमेचा वाद असेल तर सभेचे प्रतिनिधी जागेवर जाऊन पाहणी करत. आणि जवळजवळ प्रत्येक वाद शेवटी थोंबोपाशी येऊन थांबे.

थोंबो हे कंपनीचे दफ्तर. त्याचे दोन भाग होते: माणसांचा थोंबो आणि जमिनीचा थोंबो. पहिल्यात घरातील माणसे, त्यांची नाती आणि त्यांनी कंपनीला द्यायची सेवा. दुसऱ्यात बागा, शेते, त्यांवरचा हक्क आणि नारळ, फणस, सुपारी यांची मोजलेली झाडे. सातबारा आणि वंशावळ एकत्र बांधावी तसा हा प्रकार. भातशेत मात्र क्षेत्रफळाने नव्हे, बियाण्याने मोजत: एक अमुण म्हणजे ४ पेला, एक पेला म्हणजे १० कुरुणी. थोंबो तयार करणे आणि दुरुस्त ठेवणे हेही लांदरादचेच काम होते. कंपनीचा हेतू स्वच्छ होता: कोणती जमीन कोणाकडे, यावर कोणाकडून कोणती सेवा घ्यायची ते ठरे. न्याय हा त्या हिशेबाचा जोडधंदा होता, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

तंटे एवढे बारीक का, हे झाडांच्या हिशेबातून कळते. डचांच्या कायद्यात, म्हणजे रोमन-डच कायद्यात, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरत. एकाच्या मृत्यूनंतर निम्मी जोडीदाराकडे राही आणि निम्मी मुलामुलींत सारखी वाटली जाई. समजा बागेत ४८ नारळ आहेत. बाप गेला, विधवेकडे २४ आणि चार मुलांना प्रत्येकी ६. त्यांतला एक मुलगा बायको आणि तीन लेकरे मागे ठेवून वारला, की त्याच्या ६ पैकी ३ बायकोला आणि प्रत्येक लेकराला एकेक झाड. दोन पिढ्यांत खटला एका माडावर येतो! प्रत्यक्ष जमीन कोणी तोडून घेत नसे, हिस्से सामाईकच राहत. त्यामुळे नारळ पाडायला कोण आधी चढला यावरून ठिणगी पडे.

वारस ठरवताना शाळेचा थोंबो निघे. ख्रिस्ती शाळेचा मास्तर गावातले बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू त्यात लिही. रूढीने लागलेले लग्न तिथे नोंदलेले नसेल तर मुलांचा हक्क लटकत राही. म्हणून बौद्ध आचार पाळणारी कुटुंबेही नोंदीपुरता बाप्तिस्मा उरकून घेत.

जाफन्यात कायदा वेगळा. तिथल्या तमिळ रूढी दिसावा क्लास इसाक्स याने संकलित केल्या, बारा मुदलियारांनी तपासल्या आणि १७०७ मध्ये 'तेसवळमै' तयार झाले. त्यात वडिलोपार्जित, हुंड्यात आलेली आणि संसारात कमावलेली अशी मालमत्तेची तीन खाती आहेत. जमीन विकण्याआधी वारस आणि सहहिस्सेदार यांना विचारावे लागे.

दालचिनीपुढे मात्र रूढीचे काही चालत नसे. ते झाड स्वतःच्या बागेत उगवले तरी मालकाला तोडता येत नसे, आणि नासधुशीला देहदंडापर्यंत शिक्षा होती. जंगल जाळून करायच्या चेना शेतीला, म्हणजे आपल्याकडच्या कुमरीला, परवानगी लागे ती याचमुळे.

इंग्रजांनी १७९९ मध्ये डचांचा कायदा चालू ठेवल्याचे जाहीर केले. रोमन-डच कायदा आणि तेसवळमै श्रीलंकेत आजही लागू आहेत; थोंबोंची जाडजूड बाडे कोलंबोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.