टेरेसवर काय ठेवणार, हे आम्ही आधीच का विचारतो?

बंगला असो नाहीतर कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट, पहिल्याच मीटिंगला आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर विचारतो की टेरेसवर काय काय येणारे, आणि उत्तर ठरलेलं, "ते नंतर बघू हो". पण आमचा हिशोबच तिथून सुरू होतो.

भूकंपात जमीन सरकते पण बिल्डिंग जागेवरच राहायला बघते, त्यामुळे वजन जितकं जास्त तितका आडवा धक्का जास्त. हे वजन म्हणजे सिस्मिक वेट. त्यात स्लॅब, बीम, कॉलम, भिंती, टाइल्स, बाथरूममधलं फिलिंग असं कायमचं जे काही आहे ते सगळं 100 टक्के धरायचं. कॉलम आणि भिंतींचं अर्धं वजन वरच्या मजल्याला, अर्धं खालच्याला.

माणसं आणि सामान मात्र पूर्ण धरत नाही. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय कोडच्या (बांधकामाच्या नियमांच्या) 2016 च्या भाग 1 प्रमाणे चौरस मीटरला 3 किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे साधारण 300 किलोपर्यंत लोड असेल तर त्याचा 25 टक्केच घ्यायचा, त्याच्या वर गेला (गोडाऊन वगैरे) की 50 टक्के. गणपतीत आरतीला हॉल भरतो हे खरं, पण सगळ्या मजल्यांवर सगळे हॉल एकाच वेळी भरलेले आणि नेमका तेव्हाच भूकंप, असं सहसा होत नाही. उदाहरणार्थ 1000 स्क्वेअर फुटाचा फ्लॅट आणि 6 इंची स्लॅब घ्या, तर नुसता स्लॅब साधारण 35 टन, आणि माणसं-सामान चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने साडेअठरा टन होतात त्यातले मोजायचे जेमतेम साडेचार.

आता टेरेस. तिथला माणसांचा लोड भूकंपाच्या हिशोबात धरावा लागत नाही, पण 10,000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 10 टन पाणी, ते पूर्ण धरायचं. फूटभर ओली माती टाकून गार्डन केलं तर चौरस मीटरला 500 किलोच्या वरच जातं. शिवाय मजल्यांमध्ये धक्का वाटून देताना वजन गुणिले उंचीचा वर्ग असा हिशोब असतो, म्हणून वरचा एक टन खालच्या टनापेक्षा महागात पडतो. गुळगुळीत टाइल्स की ग्रॅनाइट, यावर आम्ही एवढं डोकं खात नाही.

भिंतींचं एकदाच ठरवा, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) की विटा. ब्लॉकवर डिझाइन झालं आणि साइटवर विटा आल्या, की वजन वाढलं आणि आमचा आकडा चुकला. पुणे त्या कोडमध्ये झोन 3 ला, म्हणजे भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि 1967 चा कोयनेचा भूकंप इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतो. टाकी, गार्डन, सोलर, भिंती, सगळं एका कागदावर लिहून मीटिंगला आणा, कच्चं असलं तरी चालेल.