सरईचे जंगल वाळले तेव्हा मातीत काय झाले

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की मध्य प्रदेशातल्या मंडला, दिंडोरी, बालाघाटच्या जंगलांत दोन जीव साधारण एकाच सुमारास वर येतात. मातीतून पुटू ही खायची बुरशी (बस्तरकडे तिला बोडा म्हणतात), आणि झाडाच्या खोडातून वर्षभर आत राहिलेला लांब मिशांचा भुंगेरा. पुटूची लोक वाट बघतात, भुंगेऱ्याची वनखात्याला धास्ती असते, कारण त्याच्या अळ्या खोड पोखरून झाडे मारतात. दोघांचेही पोट मात्र एकाच झाडावर आहे: साल, म्हणजे तिकडच्या बोलीतली सरई. मराठीत साल म्हटले की आधी झाडाची साल आठवते आणि इथे विषयही सालीखालच्या किड्याचा आहे, म्हणून या टिपणात झाडाला सरईच म्हटले आहे.

विदर्भातल्या वाचकाने पुटूला सात्यांसारखे समजू नये. सात्या वाळवीच्या वारुळावर येतात. पुटू ही सरईच्या मुळांशी जोडलेली बुरशी आहे. झाड तिला साखर देते, ती झाडाला पाणी आणि स्फुरद मिळवून देते. झाडाकडून साखर येणे थांबले की बुरशीचा आधार तुटतो. किडीच्या साथीचा मातीशी संबंध नेमका इथे लागतो आणि तो फार उशिरा लक्षात आला.

या भुंगेऱ्याची साथ नवी नाही. १९२३ ते १९२८ या काळात मंडला भागात जी साथ आली तिच्यात सुमारे ७० लाख झाडे गेल्याची नोंद आहे. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपुरातून चाले. लढण्याची जी पद्धत तेव्हा रुळली ती आजही जवळपास तशीच आहे. पावसाळ्यात सरईचे ताजे ओंडके तोडून, टोके ठेचून जंगलात टाकायचे, त्या रसाच्या वासाने भुंगेरे येऊन गुंगतात, ते वेचून मारायचे आणि वेचणाऱ्याला मोजून पैसे द्यायचे. किडलेले झाड पाडायचे, त्याची साल काढून जाळायची. या सगळ्यात माती म्हणजे झाड उभे राहण्याची जागा, एवढीच तिची गणना होती.

पुढची मोठी साथ १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली आणि १९९८च्या आसपास शिगेला पोहोचली. पाच लाख हेक्टरांहून अधिक सरईवन आणि तीस लाखांवर झाडे तिच्या तावडीत सापडली. एरवी हा भुंगेरा म्हाताऱ्या, मोडक्या झाडांवर जगतो. धडधाकट सरई सालीखाली शिरलेल्या अळीला राळेत बुडवून मारते. भुंगेऱ्यांची संख्या हाताबाहेर गेली की राळ पुरी पडत नाही.

याच साथीत 'बाधित झाड' या शब्दाचा गुंता झाला. झाडांचे टी-१ ते टी-७ असे सात वर्ग पाडले गेले. काहींत शेंडा वाळून झाड पुरते मेलेले, काहींत बुंध्याशी भुग्याचा ढीग पण वर पालवी हिरवी, तर काहींत नुसती राळ गळालेली. कुठल्या वर्गाला कुऱ्हाड लावायची यावरून रान पेटले. १९९६च्या डिसेंबरपासून देशभर वृक्षतोडीवर न्यायालयाचे कडक निर्बंध होते, त्यामुळे हा वादही न्यायालयात गेला. पाडा म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: आतल्या अळ्या पुढच्या जूनमध्ये भुंगेरे होऊन उडतील, त्याआधी झाड हलवले पाहिजे. विरोधकांचे म्हणणे, हिरवी झाडे सावरू शकतात आणि किडीच्या नावाखाली चांगले लाकूड बाहेर जाते आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

पण वाद झाला तो मुख्यतः हिरव्या झाडांवर. पुरती वाळलेली, भुंगेरे केव्हाच उडून गेलेली झाडे न्यायलाच हवीत, हे जणू गृहीत होते. मला हीच बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा झाडातून किडीचा काहीच धोका उरलेला नसतो. ते पाडण्याने साथ आटोक्यात येत नाही, फक्त लाकूड हाती येते. मातीच्या दृष्टीने मात्र तेच झाड सर्वांत मोलाचे असते. वाळवी, भुंगे, कुजवणारी बुरशी यांना ते कित्येक वर्षे पुरते आणि कुजता कुजता मातीला परत मिळते. सातही वर्ग जमिनीच्या वरचे पाहून ठरले होते: शेंडा, पाने, साल, राळ, भुगा. मुळांचे काय झाले आहे, हा प्रश्न त्यांत नव्हता.

मुळांचे काय होते, ते आज अधिक स्पष्टपणे सांगता येते. अळ्या सालीखाली बोगदे करतात तेव्हा पानांतली साखर खाली नेणारा थरच तुटतो. उत्तर स्वीडनमध्ये पाइनच्या बुंध्यांवरची साल मुद्दाम गोलाकार काढून हाच परिणाम तपासला गेला. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एक-दोन महिन्यांत मातीचा श्वासोच्छ्वास, म्हणजे मुळे आणि मातीतले जीव बाहेर टाकतात तो कार्बन डायऑक्साइड, निम्म्याच्या आसपास आला. झाडे तेव्हा वरून हिरवीच होती. चेक-जर्मन सीमेवरच्या स्प्रूसच्या जंगलात खोडकिड्याने मेलेली झाडे ठिकठिकाणी तशीच उभी ठेवली गेली. तिथल्या मातीत पुढच्या काही वर्षांत मुळांवर जगणारी बुरशी झपाट्याने घटली आणि कुजवणारी वाढली. सरईवनाची माती उष्ण, पावसाळी आणि वाळवीने गजबजलेली आहे, तेव्हा तिथले वेळापत्रक जसेच्या तसे इथे लागू होणार नाही. क्रम मात्र ओळखीचा आहे.

भुग्याचीही एक गोष्ट आहे. पाने खाणाऱ्या अळ्यांची साथ आली, जशी सागावर येते, की त्यांची विष्ठा पावसासारखी खाली पडते. तिच्यात नत्र भरपूर असल्याने मातीतले जिवाणू तरारतात. सरईच्या बुंध्याशी साठणारा भुगा लाकडाचा असतो आणि त्यात नत्र नाममात्र. तो कुजवायला जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि काही काळ ते रोपांना मिळत नाही. 'किडीने जंगलाला खत मिळते' हे विधान म्हणूनच कीड कोणती ते विचारल्याशिवाय करू नये.

त्यावर तोडीचा भार येतो. ओंडके ओढून नेले की माती दबते. छत्र उघडले की पाऊस थेट जमिनीवर आपटतो आणि घाणेरी पसरते. यात सरईची रोपेही चिरडली जातात, आणि ही रोपे विलक्षण असतात. वरचा कोंब दर वर्षी वाळतो, मूळ मात्र वर्षानुवर्षे जिवंत राहून नवा कोंब काढत राहते. मोठी झाडे गेल्यावर मुळांवरच्या बुरशीला टेकायला जागा उरते ती बहुधा याच मुळांची. वाळलेले झाड उभे ठेवायचे की न्यायचे, हे ठरवताना त्याच्याभोवतीच्या चार हातांत अशी किती रोपे आहेत हे मोजणे अवघड नाही. बैगा आणि गोंड आदिवासी बायका पुटू शोधायला त्याच चार हातांत माती उकरत असतात.