समुद्रात चुनखडी पिकवायची तर घाई नको

‘समुद्रात करंट सोडला आणि मेलेले प्रवाळ जिवंत झाले’ अशा मथळ्याचा एक व्हिडिओ मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. एकाने विचारलं, मासे मरत नाहीत का? दुसऱ्याने बोटातल्या अंगठीचा फोटो टाकून कळवलं, की आमचं पोवळं बिनकरंटचं चालतं. अंगठीतलं खरं लाल पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच प्रवाळाचं असतं, ते समुद्रतळावर प्रवाळभित्ती (रीफ) वगैरे बांधत नाही. आणि सरासरी 22 कोटी किलोमीटरवरच्या मंगळाला त्या खड्यातल्या कॅल्शिअम कार्बोनेटचं काय कौतुक असणार? ते असो. मासे मरत नाहीत, आणि मेलेला प्रवाळही जिवंत होत नाही. तिथे जे घडतं ते मात्र दहावीच्या पुस्तकातलं आहे.

व्हिडिओ बालीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या पेमुतेरान गावचा होता. 1990 च्या दशकात तिथल्या समुद्रात बाटलीत खत आणि रॉकेल भरून केलेले गावठी बॉम्ब टाकून मासेमारी चाले. शोभेचे मासे जिवंत पकडायला सायनाइडही फवारलं जाई. बॉम्बने मासे वर तरंगत आणि खाली भित्तीचा चुरा होई. हा चुरा फार वाईट. प्रवाळाची अळी पाण्यातून तरंगत येते आणि टणक जागा बघून कायमची चिकटते. ती लाटेबरोबर गडगडणाऱ्या खडीवर बसली, तर खडी उलटताच चिरडते. त्यामुळे बॉम्ब थांबले तरी जागा वर्षानुवर्षं उजाड राहते. तिथे आधी हलणार नाही असा पाया हवा.

पायाची युक्ती मुळात प्रवाळांसाठी नव्हतीच. वोल्फ हिल्बर्ट्झ हे जर्मनीत जन्मलेले वास्तुविशारद 1970 च्या दशकात अमेरिकेत टेक्सासला शिकवत होते, आणि त्यांना समुद्राच्या पाण्यातून इमारतींचे भाग ‘उगवायचे’ होते. पुढे जमैकाचे सागरी जीवशास्त्रज्ञ टॉम गोरो यांच्यासोबत त्यांनी तीच कल्पना प्रवाळांकडे वळवली. पेमुतेरानला 2000 साली लोखंडी सळ्यांचे पिंजरे बुडवले, त्यांवर तुटलेल्या पण जिवंत प्रवाळांचे तुकडे बांधले आणि पिंजऱ्यांना काही व्होल्टचा डीसी जोडला. पोहणाऱ्याने हात लावला तरी चालेल इतका सौम्य.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता ते. पिंजरा म्हणजे ऋणाग्र, विजेचं ऋण टोक. तिथे पाण्याचं अपघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन उरतात. समुद्राचा सामू (pH) साधारण 8.1 असतो, तो सळईला लागून असलेल्या पातळ थरात चढतो. तिथल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते कॅल्शिअमला धरून कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी होऊन सळईवर बसतं. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर याच जातीचा, फक्त तिथे काम उष्णता करते. धनाग्राला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, टायटॅनिअमची जाळी लागते, कारण तिथे क्लोरिन आणि आम्ल तयार होतं आणि साधं लोखंड खाऊन टाकतं. उलट ऋणाग्र झालेली सळई गंजत नाही.

खरी गंमत याच्या पुढे आहे. उष्ण समुद्राचं पाणी कॅल्शिअम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे मावेल त्याहून जास्त त्यात विरघळलेलं असतं. मग ते आपणहून खाली का बसत नाही? आड येतं मॅग्नेशिअम. त्याचा आयन पाण्याचे रेणू घट्ट कवटाळून असतो, आणि कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेटच्या नेहमीच्या रूपाच्या, वाढत्या स्फटिकात घुसून त्याची वाढ बिघडवतो. समुद्रात कॅल्शिअमच्या एका आयनामागे मॅग्नेशिअमचे पाच. म्हणून सामू चढल्यावर कॅल्साइटऐवजी त्याचा भाऊ ॲरागोनाइट जमतो: घटक तेच, रचना निराळी. प्रवाळाचा सांगाडाही ॲरागोनाइटचाच. तोही सांगाडा घडतो तिथून प्रोटॉन बाहेर उपसून सामू चढवतो, मात्र स्वतःच्या ऊर्जेवर.

पण करंट जास्त झाला, की सामू इतका चढतो की मॅग्नेशिअम स्वतःच हायड्रॉक्साइड होऊन बसतं. हे मी घरी करून पाहिलं. मालवणहून आणलेलं बाटलीभर समुद्राचं पाणी, दोन सेल, खिळा आणि पेन्सिलीचं शिसं. तासाभरात शिशाकडून फिनेलवाल्याच्या दुकानासारखा वास (खिडकी उघडी ठेवा) आणि खिळ्यावर पांढरी लुसलुशीत साय. मी खूश. नखाने खरवडली तर टूथपेस्टसारखी निघाली. वर लिंबू पिळलं. विरघळली, पण फसफसली नाही. कार्बोनेट असतं तर बुडबुडे आले असते. मी चुनखडी नव्हे, पोट साफ करायचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया बनवलं होतं.

वेगाला आणखी एक मर्यादा आहे, फॅरेडेच्या नियमाची. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे 96,485 कूलोम. त्यातून एक मोल हायड्रॉक्साइड, आणि सगळं सार्थकी लागलं तर 100 ग्रॅम कार्बोनेट. हिशेब केला तर एक अँपिअर तासभर सोडून फार तर 3.7 ग्रॅम, दिवसाला 90 ग्रॅमच्या आत. प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

हे पिंजरे हवेतला कार्बन शोषतात असंही कौतुकाने सांगितलं जातं. पटत नाही. धनाग्राला जवळपास तितकंच आम्ल बनतं, आणि चुनखडी जमताना समुद्रात एकूण कार्बन डायऑक्साइड सुटतोच. करंटमुळे प्रवाळ झपाट्याने वाढतो या दाव्याला पुरावा आहे, पण संमिश्र: एका जातीला फायदा, दुसरीला नाही. इंडोनेशियातच सुलावेसीजवळ वाळूचा लेप दिलेले सहा पायांचे लोखंडी सांगाडे बिनविजेचे मांडले, आणि तिथली भित्ती चार वर्षांत निरोगी भित्तीच्या वेगाने वाढू लागल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. पाया स्थिर झाला, इतकंच पुरलं. पेमुतेरानलाही गावाने स्वतःचे समुद्ररक्षक नेमून बॉम्ब रोखले नसते, तर विजेचं बिल वाया गेलं असतं. आणि तापणाऱ्या पाण्याचं काय? 2024 मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, त्यावर सळईचा काही उपाय नाही.

आपल्याकडे हा प्रयोग जानेवारी 2020 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाने गुजरात वनखात्यासोबत कच्छच्या आखातात, मिठापूरच्या किनाऱ्यापासून एक सागरी मैलावर सुरू केला. तिथे भरती-ओहोटी मोठी, पाणी सतत बदलतं. माझ्या ग्लासात ती सोय नाही. तरी दुसऱ्या वेळी मध्ये एक किलोओहमचा रोधक घातला, म्हणजे करंट जेमतेम एक मिलिअँपिअर. चार दिवस खिळ्यावर काहीच दिसेना. पाचव्या दिवशी वाळवून उजेडात धरला तर राखाडी, खरबरीत पापुद्रा, नखाला न निघणारा. लिंबाचा थेंब टाकला आणि भिंग लावून बसलो. तीन बुडबुडे आले. बायकोने मोजले तेव्हा चार.