डॉल्फिन फेरी वेगळी, खोल समुद्राची फेरी वेगळी

कोल्हापुरातून मालवणला निघालेल्या गटाची मागणी ठरलेली असते: देवमासा बघायचाय, समुद्रपक्षीही बघायचेत, दोन तासांत होईल ना? नाही होत. दोन तासांत होते ती डॉल्फिन फेरी. देवमासा आणि खरे समुद्रपक्षी ज्या पाण्यात असतात तिथे जायला अख्खा दिवस जातो, आणि ती फेरीच निराळी. दोन्हींत होडी असते, लाइफ जॅकेट असते, आणि कुणीतरी "ते बघा, ते बघा" म्हणून ओरडत असतो, म्हणून गल्लत होते एवढेच.

डॉल्फिन फेरी तारकर्ली-देवबागकडून निघते, कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडते आणि भोगवे-निवतीच्या बाजूला फिरून परत येते. फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, वेळ दीड-दोन तास. किनाऱ्यावरची माडाची झाडे शेवटपर्यंत दिसत राहतात. इथे भेटतो तो हंपबॅक डॉल्फिन, उथळ पाण्यातला प्राणी. वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो सहसा जात नाही आणि मासळीसाठी खाडीच्या तोंडाशी येतो. म्हणजे होडी त्याच्या घरातच जाते. त्यामुळे तो दिसण्याची शक्यताही चांगली असते.

दुसऱ्या फेरीला पक्षीवाले पेलाजिक म्हणतात. त्यात किनाऱ्यापासून चाळीस-साठ किलोमीटर आत जावे लागते. मच्छीमारी बोट 8 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 15 किलोमीटरने चालते. 50 किलोमीटरला नुसते जायलाच सव्वातीन तास लागतात. पहाटे पाचला निघालात तर परत धक्क्याला लागेपर्यंत दुपारचे तीन-चार होतात. कर्नाटकात मलपे आणि केरळात कन्नूर इथून पक्षीनिरीक्षकांचे गट अशा फेऱ्या करतात. मालवणच्या जेटीवर तिचे तिकीट मागितलेत तर डॉल्फिन फेरीचेच हातात पडेल.

इतके आत का जायचे, याचे उत्तर समुद्राच्या तळात आहे. कोकणासमोर तळ फार सावकाश उतरतो. तळ जिथून एकदम खोल जातो ती 200 मीटर खोलीची कड किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे, एका दिवसाच्या फेरीला तीही गाठता येत नाही. श्रीलंकेतल्या मिरिस्साला हीच कड किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर येते, म्हणून तिथे डिसेंबर ते एप्रिलमध्ये निळा देवमासा सकाळच्या फेरीतही दिसतो. त्या व्हिडिओंवरून मालवणचा अंदाज बांधू नये. आपल्याकडे देवमासा अजिबात नाही असेही नाही. ब्रायडीज देवमासा कोकणासमोर अधूनमधून दिसतो आणि 2015 मध्ये सिंधुदुर्गाजवळ निळ्या देवमाशांचीही नोंद झाली. पण कुणी पैसे घेऊन "दाखवतोच" म्हणाला, तर त्याच्या होडीत बसू नका.

हंगामही उलटे आहेत, आणि कोल्हापूरकर इथेच फसतात. डॉल्फिन फेरीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा असतो, पाणी शांत असते आणि काळी पाठ लांबून दिसते. दहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुटला की सगळीकडे पांढरे फेस उठतात आणि प्रत्येक लाट डॉल्फिनसारखी वाटू लागते. खोल समुद्रातले पक्षी मात्र पावसाळ्यातले. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडे वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात अरबी समुद्रात येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्याही मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. उरतो तो सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला भाग. तेव्हा पक्षी असतात, पण लाटही असते. दिवाळीच्या सुटीत पेलाजिक ठरवली तर पक्षी बरेचसे पांगलेले असतात.

आता पाण्यावर काय दिसले ते ओळखायचे. हंपबॅक डॉल्फिनच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्यावर छोटा पर (फिन). श्वास घेताना आधी लांब चोच बाहेर येते, मग पाठ. त्याच पाण्यात फिनलेस पोरपॉइजही असतो. याला पाठीवर परच नाही, चोच नाही, लांबी दीड-पावणेदोन मीटर. पाठीचा गुळगुळीत तुकडा क्षणभर वर येतो आणि जातो. फोटोत काहीच येत नाही, म्हणून बरेच जण त्याला "डॉल्फिनचे पिल्लू" म्हणून सोडून देतात. पर आहे की नाही एवढेच बघा, पुरते. ब्रायडीज देवमासा एसटी बसएवढा लांब. आधी तीन-चार मीटर उंच फवारा दिसतो, मग पाठ सरकत राहते, सरकतच राहते, आणि बऱ्याच मागे कोयत्यासारखा वाकडा पर येतो. बुडताना शेपटी तो सहसा वर काढत नाही. शेपटीच्या फोटोची वाट बघत बसलेल्याचा पराचा फोटोही हुकतो.

पक्ष्यांचेही तसेच. डॉल्फिन फेरीत दिसतात ते कुरव, सुरय आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. हे किनाऱ्याचे पक्षी, रात्री जमिनीवर येणारे. पेलाजिकमध्ये शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, पोमरिन जेगर. सुरय पंख मारत उडतो आणि वरून सूर मारतो. शिअरवॉटर पंख ताठ ठेवून लाटेला चिकटून तिरका घसरतो. जेगर दुसऱ्याच्या मागे लागून त्याच्या तोंडचा मासा पाडायला लावतो. लांबून रंग कळत नाही, उडण्याची ढब कळते. ट्रॉलर जाळे ओढत असेल तर त्याच्या मागे बघा, टाकाऊ मासळीवर सगळे गोळा होतात.

रंकाळ्यावर किंवा कळंब्याला वापरता तो स्पॉटिंग स्कोप आणि ट्रायपॉड घरी ठेवा. हलत्या होडीत त्याचा उपयोग शून्य. दुर्बीणही 10 पटीची नको, 8 बाय 42 ची (8 पट, 42 मिमी भिंग) घ्या. जितकी मोठी पट, तितका हादरा मोठा. कॅमेऱ्याचा शटर 1/2000 सेकंदापेक्षा मंद ठेवू नका. होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, सगळे गर्दी करतात, पण हिसके तिथेच सर्वांत जास्त. मध्याच्या थोडे मागे, डिझेलचा धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहा.

पोटाचे वेगळे सांगायलाच हवे. कोल्हापूर ते मालवण घाटाने साडेतीन-चार तास. रात्री तांबडा-पांढरा, पहाटे घाट, वाटेत कटवडा आणि लगेच होडी, असा बेत डॉल्फिन फेरीत कसाबसा निभतो. पेलाजिकमध्ये नाही, कारण तिथे मधेच उतरता येत नाही. पहिल्याला त्रास झाला आणि बोट वळवली की बाकीच्यांचाही दिवस जातो. आदल्या रात्री मालवणला मुक्काम, साधा भात, सकाळी केळे किंवा कोरडी बिस्किटे. अव्होमिन ही मळमळीवरची गोळी निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घाटात घेऊ नये. इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मळमळले की मोबाइल आणि दुर्बीण खाली, नजर क्षितिजावर.

डॉल्फिन फेरीत बिघडते ते बहुधा तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, घाईने. तीन होड्या एकाच कळपाला घेरतात, इंजिन फुल्ल, आणि कळप बुडी मारून भलतीकडे निघतो. पन्नासेक मीटरवर इंजिन मंद करून समांतर चालायला सांगा, समोरून आडवे जायला नको, आई आणि पिल्लाच्या मध्ये तर मुळीच नको. थांबलात तर कळप पुन्हा वर येतो. पेलाजिकला निघण्याआधी मात्र कागद बघा. मासेमारीच्या बोटीला प्रवासी नेण्याचा परवाना आपोआप नसतो, तो महाराष्ट्र सागरी मंडळाकडून आहे का ते विचारा. बोटीचा व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का, त्याचा मदतीसाठीचा 16 नंबरचा चॅनेल लागतो का, हे धक्क्यावरच तपासा, कारण आत मोबाइलची रेंज जाते. रेंज असेपर्यंत तटरक्षक दलाचा नंबर 1554. मोबाइलचा जीपीएस मात्र रेंजशिवायही चालतो, त्यामुळे प्रत्येक नोंदीला वेळ आणि ठिकाण जागच्या जागी लिहून ठेवता येते.